लेकरांसाठी घरी केलेली खेळायची कणिक हाताला चिकटतेय, काय चुकतंय?

लेकुरवाळी, परभणी
१० मे, दुपारी ३.१५

नमस्कार. घरात मी, नवरा, आत्याबाई आणि दोन लेकरं. मोठा चार वर्षांचा, धाकटी पावणेदोन वर्षांची. सकाळी दहानंतर अंगणात पाय ठेवता येत नाही इतकं ऊन आहे. दुपारचे चार-पाच तास लेकरांना घरात काय द्यायचं, हा रोजचा प्रश्न आहे. मोबाईल द्यायचा नाही हे आम्ही दोघांनी ठरवलंय आणि ते पाळायचंय.

मोठ्याला रंगीत क्ले फार आवडतो. पण आमच्या कोरड्या हवेत डबीचं झाकण जरा उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी नुसता चुरा. दर आठवड्याला नवीन डब्या आणणं परवडत नाही. म्हणून घरीच करायला घेतलं. दोन वाट्या गव्हाचं पीठ, थंड पाणी, चमचाभर तेल, खायचा रंग. मीठ एक वाटी सांगितलं होतं, मला फार वाटलं म्हणून अर्धीच वाटी घातलं. मळताना छान होती. पंधरा-वीस मिनिटांत खळीसारखी हाताला चिकटायला लागली. पोरगं दोन्ही हात वर धरून रडायला लागलं, बोटांमधलं निघता निघेना. डब्यात भरून ठेवली तर दुसऱ्या दिवशी पाणी सुटलेलं आणि आंबूस वास. सगळी फेकून द्यावी लागली.

फेकताना आत्याबाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी नीट जेवल्याही नाहीत. रात्री एवढंच म्हणाल्या, "पीठ हाय ते माय, माती न्हाई." १९७२ च्या दुष्काळात त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला गेलेल्या, मिलोच्या (बाहेरदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले. त्यांचं बोलणं मला लागलं, आणि खरंही वाटलं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कणिक नीट कशी करायची? आणि दुसरी, पिठानं खेळू द्यावं का, तुमच्या घरात याचं काय करता?

काटवट, बीड
१० मे, संध्याकाळी ७.४०

ताई, तुमची कणिक कच्ची राहतेय आणि मीठ कमी पडतंय. सगळं तिथंच बिघडतंय.

थंड पाण्यात मळलं की मिठाचे खडे आत तसेच राहतात. कणिक ठेवली की ते हळूहळू विरघळतात, आणि मळताना घट्ट वाटलेली कणिक नंतर सैल पडते. आंबूस वास आला तो मीठ कमी असल्यामुळं. लोणच्यात मीठ कमी पडलं तर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, इथंही तेच. त्यात मे महिना.

मी करते ती अशी. एक वाटी पीठ, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. पाणी कोमट करून मीठ त्यात आधी पूर्ण विरघळवायचं. मग रंग, तेल, लिंबू. शेवटी पीठ घालून गुठळ्या मोडायच्या, धिरड्याच्या पिठासारखं होतं. जाड बुडाच्या कढईत मंद गॅसवर ठेवायचं आणि कुरडयांचा चीक हाटतो तसं हाटत राहायचं. हात थांबवायचा नाही, नाहीतर बुडाला धरतं. चार-पाच मिनिटांत ते कडा सोडून चाटूभोवती गोळा व्हायला लागतं. मधे एकदा वाटतं की आता हे कामातून गेलं, सगळं गोळ्या-गोळ्या दिसतं. घाबरू नका, तसंच हाटा. गोळा झाला की ताटात काढून ओल्या फडक्यानं झाका. हाताला सोसवेल इतकं निवल्यावर मोठ्यांनी चांगलं तिंबायचं. हे काम लेकरांना देऊ नका, बाहेरून गार लागतं आणि आत चटका बसेल इतकं गरम असतं.

शिजवल्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून नंतर पाणी सुटत नाही. मैद्याची जास्त गुळगुळीत होते. गव्हाच्या पिठात कोंडा असतो, ते पाणी जास्त पितं, म्हणून दोन-तीन चमचे पाणी हाताशी ठेवा. कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की झाली.

बाहेरच्या कृतींमध्ये क्रीम ऑफ टार्टर लिहिलेलं असतं. त्यासाठी गावभर हिंडू नका. आंबटपणा हवा असतो तो लिंबानं येतो. लिंबं महाग असतील तर किराणा दुकानातलं लिंबूफूल छोटा चमचाभर घ्या.

पिठानं खेळू द्यावं का, यावर दुसरे लोक लिहितील. मला स्वतःला अजून तिथं अडखळायला होतं.

कोरडवाहू, जालना
१० मे, रात्री ९.०५

मी शेती करतो, दोन मुली आहेत. आत्याबाईंचं म्हणणं मला पटतं, आणि ते फक्त जुन्या काळापुरतं खरं आहे असंही नाही. ज्या घरात ज्वारी निघाली नाही म्हणून विकत आणायची वेळ येते, त्या घरात पिठाचा गोळा उकिरड्यावर टाकणं अवघडच जातं.

आमच्याकडं लेकरं मातीनं खेळतात. फक्त काळी माती नुसती घेऊ नका. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आखडते, रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या त्यामुळंच. नुसत्या काळ्या मातीचा बैल केला की दुसऱ्या दिवशी त्याची मान आणि पाय तडकतात. कुंभार मातीत राख नाहीतर घोड्याची लीद मिसळतात ते यासाठीच. घरी लेकरांसाठी चाळलेली राख बरी. मी तीन भाग माती, एक भाग राख घेतो. ओढ्याकाठची चिकणमाती मिळाली तर उत्तम. रात्रभर भिजवायची, वरचं पाणी ओतून द्यायचं, पोत्यावर पसरून जरा आळू द्यायची आणि मग दगडावर आपटून आपटून लोण्यासारखी करायची. आपटण्याचं काम पोरींचं. तासभर जातो त्यात.

फवारणी झालेल्या रानातली, गोठ्याजवळची किंवा वस्तीच्या कडेची माती लेकरांना देऊ नका. आणि खेळ झाल्यावर नखांसकट हात साबणानं धुवायचे.

बाळाचा_डॉक्टर, नांदेड
११ मे, सकाळी ६.५०

धागा चांगला चाललाय. पण घरात पावणेदोन वर्षांची मुलगी आहे, म्हणून आधी हे लिहितो.

काटवटताईंच्या कृतीत जवळजवळ पाव हिस्सा मीठ आहे. म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्यात पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ आलं. मोठ्या माणसानं अख्ख्या दिवसात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेकरानं चाटून पाहिलं, बोराएवढा तुकडा तोंडात घालून थुंकला, तर काळजीचं कारण नाही. बहुतेक मुलं खारट लागताच थुंकतातच. पण लहान मुलानं मोठा गोळा गिळला, नंतर सारखी तहान, उलट्या, चिडचिड किंवा सुस्ती दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. मीठ रक्तात वाढलं की ते थेट मेंदूवर परिणाम करतं.

म्हणून तुमच्या धाकटीला ही कणिक नको. सगळं तोंडात घालण्याचं वय संपेपर्यंत तिच्यासाठी वेगळा गोळा ठेवा: बिनमिठाचा, शिजवलेला, त्याच दिवशी वापरून संपवायचा. शिजवलेला म्हणतोय त्याला कारण आहे. कच्च्या पिठातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. गोळा मोठा असू द्या, लहान गोळ्या करून तिच्यापुढं टाकू नका, घशात अडकतात.

आणखी तीन गोष्टी. लेकराच्या बोटाला चीर, खरूज किंवा इसब असेल तर मीठ झोंबतं, त्या दिवशी खेळ नको. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला गव्हाच्या कणकेला हातही लावू देऊ नका, त्याच्यासाठी तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर वापरा. आणि वाया गेलेला गोळा कुत्र्याला घालू नका. लोक सहज घालतात, पण एवढं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

सातमजली, छ. संभाजीनगर
११ मे, सकाळी ११.२०

रंगाचं कुणी सांगाल का? घरात रांगोळीचे रंग पुष्कळ आहेत, ते चालतील का? कुंकू?

काटवट, बीड
११ मे, दुपारी १.१०

रांगोळी नको, कुंकू नको, गुलाल नको. त्यात काय मिसळलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि हे हात तोंडात जाणार. खायचा रंग किंवा स्वयंपाकघरातलं काहीही घ्या.

हळद सगळ्यात सोपी. लिंबू असलं की पिवळी धमक राहते. एक गंमत लेकरांना नक्की दाखवा. बिनलिंबाचा हळदीचा छोटा गोळा घ्यायचा, त्यात चिमूटभर खायचा सोडा मळायचा. बघता बघता तांबूस होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते ना, तीच गोष्ट. चुना मात्र लेकरांच्या हातात द्यायचा नाही, भाजतो. माझ्या नातीनं हे एका दुपारी सहा वेळा करायला लावलं.

बीट किसून पिळून घेतलं तर छान गुलाबी येतं, पण शिजवताना फिकं पडतं. म्हणून रस शेवटी, मळताना घाला, आणि तेवढं पाणी आधी कमी करा. पालकाचा हिरवा दोन दिवसांत शेवाळी होतो. पळसाची फुलं वाळवून ठेवली असतील तर ती रात्रभर भिजवा, केशरी पाणी मिळतं. होळीच्या आधी आमच्या डोंगराकडं पळस नुसता पेटलेला असतो, तेव्हाच गोळा करून ठेवायची.

अंगणवाडीताई, हिंगोली
११ मे, रात्री ८.३०

मी सेविका आहे. तीन ते सहा वयाची पंचवीस लेकरं रोज समोर असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही कणिक, माती, दोन्ही वापरतो. पीठ विकत आणायला पैसे नसतात. महिन्यातून एकदा प्रत्येक घरून एक मूठ पीठ मागते. कुणी देतं, कुणी नाही, नावं लिहून ठेवत नाही. जमलं त्यात प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा येतो. तेवढा पुरतो. मोठा गोळा दिला तर लहान लेकरं नुसती त्याच्याकडं बघत बसतात.

साचे, सुऱ्या, लाटणी पहिल्या दिवशी काढू नका. आधी आठ दिवस नुसती बोटं. लेकरू पहिल्यांदा फक्त चेपतं, टोचतं, तोडतं. मग कधीतरी वळवटी वळतं, आणि ती वळवटी साप होते. सापाला गुंडाळलं की जिलेबी होते. हे तुम्ही सांगायचं नाही. "हे काय केलंस?" असंही लगेच विचारायचं नाही, कारण त्याचं अजून ठरलेलं नसतं. आपण विचारलं की ते आपल्याला आवडेल असं काहीतरी नाव सांगतं आणि मग त्यातच अडकतं. मी फक्त शेजारी बसून माझा गोळा मळते. माझ्या हातून हत्ती-बित्ती काही करत नाही. ताईंचा हत्ती पाहिला की पोरं आपला मोडतात आणि "तुम्हीच करून द्या" म्हणतात.

ज्या लेकरांची बोटं इथं तयार होतात, त्यांना पुढं पेन्सिल धरायला त्रास पडत नाही. पालक मला विचारतात, अ आ कधी शिकवणार. मी त्यांना त्यांच्या लेकराला शर्टाची गुंडी लावून दाखवायला सांगते. ती लागत नसेल तर अ कसा गिरवणार?

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शिंपले, माती यातूनच लेकरांना शिकवलं. आमच्या प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला धीर आला होता. माझ्याकडंही तेव्हा तेवढंच होतं.

आत्याबाईंबद्दल. त्यांना समजावायला जाऊ नका. त्यांना खेळात बसवा. पीठ कसं वागतं ते तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांच्या हाताला जास्त कळतं.

लेकुरवाळी, परभणी
१९ मे, दुपारी ४.००

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहिलं नाही, कारण घरात खूप काही झालं.

अंगणवाडीताईंचं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना सरळ विचारलं, की पीठ वाया न घालवता लेकरांना खेळायला कसं द्यायचं, तुम्हीच सांगा. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग उठून पोळ्यांची परात दाखवली. पोळ्या लाटून झाल्यावर परातीत जी पिठी उरते, कणकेचे बारीक तुकडे मिसळलेली, ती मी रोज झाडून टाकते. "ही साठीव," म्हणाल्या. आता एक डबा केलाय. रोजची पिठी वाळवून, चाळून त्यात जाते. पाच जणांच्या घरात आठ दिवसांत वाटीभर होते. लेकरांना आठवड्याला वाटीभरच लागते. इतके दिवस आम्ही ती केरात घालत होतो, हे मला स्वतःला खरं वाटेना.

काटवटताईंच्या कृतीनं काल केली. गॅसजवळ आत्याबाईच उभ्या राहिल्या. दोन मिनिटं हाटलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्यो तर चीकच झाला की." मग चाटू माझ्या हातात राहिलाच नाही. कणिक अशी झालीय की हाताला तेलाचा नुसता ओशटपणा लागतो, चिकटत अजिबात नाही. आज दुसरा दिवस आहे, वास नाही, पाणी नाही. स्टीलच्या डब्यात, वर ओलं फडकं.

त्यांनी आधी ज्वारीच्या पिठाचीही करून पाहिली होती, कारण घरात ते जास्त असतं. ती संध्याकाळपर्यंतच टिकली. त्या म्हणाल्या, पीठ जुनं आहे, विरी (चिकटपणा) गेली त्याची. ताज्या दळणाची केली तर उकळत्या पाण्यानं जमून आली, पण वळवटी वळली की तुटते. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नाहीच. मात्र थापायला छान! मोठ्यानं तिच्या रुपयाएवढ्या भाकरी थापून अख्खी पाटी भरली. ती बिनमिठाची होती, म्हणून धाकटीलाही मोठा गोळा दिला. तिनं तो पायावर ठेवून नुसता थोपटला, बाळाला थोपटतात तसा.

आणि आता खरं सांगायचंय ते. काल खेळताना आत्याबाईंनी मोठ्याच्या कणकेतला इवलासा तुकडा घेतला, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून भराभर फिरवला, आणि त्याच्यासमोर गव्हले पडायला लागले. तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते, सगळे सारखे. मग नखानं दाबून नखुल्या केल्या. मग नवी फणी मागवली आणि तिच्या दातांवर तुकडा दाबून रेघा उठवल्या. लग्नाआधी माहेरी मांडवाच्या घरी आठ-आठ दिवस बायका हे करत बसायच्या, रुखवतात ताटं भरून ठेवायच्या, गाणी म्हणायच्या, असं सांगत होत्या. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. त्यांना हे येतं हे मला माहीत नव्हतं.

पोरानं अर्धा तास तीच चिमटी फिरवायचा प्रयत्न केला. त्याचे गव्हले वालाएवढे होतात. आज सकाळी उठल्या उठल्या डबा घेऊन आजीकडं गेला.

अंगणवाडीताई, हिंगोली
१९ मे, संध्याकाळी ६.१५

ताई, वाचून डोळे भरले. वालाएवढे होऊ द्या. चार वर्षांच्या हातानं वालाएवढे म्हणजे फार चांगले. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या हो म्हणाल्या तर त्यांचे हात कसे फिरतात याचा व्हिडिओ पाठवाल का? मला आमच्या लेकरांना दाखवायचाय.

सातमजली, छ. संभाजीनगर
२० मे, दुपारी १२.४५

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. बोलायला उशीर झाला, अजूनही कमी बोलतो. आम्ही दोघं नोकरीला, तो दिवसभर पाळणाघरात. तिथं आणि घरी मिळून त्याच्या कानावर निम्मं मराठी पडतं. तपासण्या झाल्या आहेत, उपचार चालू आहेत, त्याबद्दल विचारायचं नाहीये. मला फक्त या आठवड्यात जे झालं ते लिहायचंय.

हा धागा वाचून शनिवारी कणिक केली. माझी आई सेलूहून आलेली होती, ती त्याच्याबरोबर बसली. ती खेळताना बोलत राहते, तिची सवयच आहे. "आता चेप. आता वळ. लांब वळ. मुरड घाल. चिमटा काढ त्याला. थाप, थाप, थाप." तो तिच्या तोंडाकडं आणि हाताकडं आळीपाळीनं बघत होता. रविवारी त्यानं गोळ्यावर हात मारला आणि म्हणाला, "थाप." सोमवारी "तोड". काल "आजी, मुरड".

मी मोजायला बसले, पिठासाठी आपल्याकडं किती क्रियापदं आहेत. मळणं, तिंबणं, चुरणं, चेपणं, वळणं, लाटणं, थापणं, मुरडणं, कातणं, चाळणं, हाटणं, भुरभुरणं. आणि प्रत्येकाला हाताची वेगळी हालचाल. खेळण्याच्या दुकानातून आणलेल्या महागड्या ठोकळ्यांशी आम्ही त्याला "हे घे, ते ठेव" याच्यापलीकडं काही बोलत नव्हतो.

आई उद्या परत जातेय. तिचं बोलणं फोनवर भरून घेतलंय, पण त्याच्याबरोबर बसून ते बोलायचं आता मलाच शिकायचंय.

बाळाचा_डॉक्टर, नांदेड
२० मे, रात्री १०.००

ताई, उपचार चालू ठेवा आणि जे करताय ते रोज करा. शब्द ऐकू येतो त्याच क्षणी हातानं ती गोष्ट होते, म्हणून तो पक्का बसतो. जे लेकरू कमी बोलतं त्याच्याबरोबर प्रश्न कमी आणि असं सांगणं जास्त ठेवा. "हे काय आहे, सांग" नको. "मी वळतेय, लांब झालं" हवं.

गोरोबाकाकांच्या_गावचा, तेर
२२ मे, सकाळी ९.३०

आमचं गाव संत गोरा कुंभारांचं, त्यामुळं मातीचा विषय निघाला की राहवत नाही.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. सातवाहन काळात तेर म्हणजे तगर, मोठी व्यापारपेठ होती. त्या काळातल्या भाजक्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलीन मातीच्या लहान लहान मूर्ती तिथं आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातल्या पुष्कळ दोन भागांच्या साच्यात काढून जोडलेल्या आहेत, पुढची बाजू वेगळी, मागची वेगळी. माझ्या सहा वर्षांच्या पोराला मी फक्त एवढंच सांगितलं, की जोड कुठं आहे शोध. तो एकेका कपाटापुढं पाच-पाच मिनिटं उभा राहिला.

घरी आल्यावर मोदकाचा साचा काढला. आतून तेलाचा हात फिरवायचा, दोन्ही अर्ध्यांत कणिक दाबायची, कडांना पाण्याचं बोट लावून मिटायचं. पहिले तीन उघडताना फाटले. कणिक मऊ होती, थोडी पिठी मळून घट्ट केली तेव्हा निघाले. त्यानं मोदकाला डोळे लावले आणि संग्रहालय मांडलं, तिकीट एक रुपया.

पायानं तुडवायचा हट्टही केला, गोरोबाकाकांसारखा. पिठाला पाय लावायचा नाही, हे आमच्याकडंही आहे. त्यासाठी अंगणात मातीच केली. कोरडवाहू दादांचं राखेचं प्रमाण घेतलं, एकाही बैलाची मान तडकली नाही.

अवांतर: हल्लीच्या डबीतल्या क्लेची गोष्ट लेकरांना सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत सिनसिनाटी गावात कोळशाच्या शेगड्यांमुळं भिंतीवरच्या कागदाला काजळी धरायची. ती पुसायला एक कंपनी पिठाचा लगदा विकायची. नंतर घरं गॅसवर तापायला लागली, धुता येणारे कागद आले आणि लगदा खपेना. नर्सरी चालवणाऱ्या के झुफॉल या बाईंनी तो मुलांच्या हातात देऊन पाहिला. त्यातून १९५६ मध्ये प्ले-डो बाजारात आलं. म्हणजे तिकडंही ते मुळात पीठ, मीठ आणि पाणीच.

पाटोद्याची_माय
१४ जुलै, दुपारी २.२०

धागा वर काढतेय. माझी कणिक उन्हाळ्यात महिनाभर छान राहिली. आता पाऊस लागला आणि रोज ओलसर होतेय. कणकेची करून वाळवून ठेवलेली चित्रंसुद्धा मऊ पडली, वर पांढरं आलंय.

काटवट, बीड
१४ जुलै, रात्री ८.५०

ते मीठच. पावसाळी हवेतलं पाणी ते ओढून घेतं, मिठाची बरणी ओली होते तसं. कणिक परत कढईत टाकून मंद गॅसवर दोन-तीन मिनिटं परता, पाणी उडेल, मग कोरडी पिठी लावून मळा. काळे-हिरवे ठिपके दिसले तर मात्र वाचवत बसू नका, टाकून द्या. पावसाळ्यात मी करतेच थोडी, आठ दिवसांपुरती, आणि डबा फ्रिजमध्ये ठेवते.

चित्रांवरचं पांढरं ओल्या फडक्यानं पुसून सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हाळ्यातसुद्धा कडक उन्हात ठेवायची नसतात. वरून पटकन वाळतात, आत ओल राहते आणि तडकतात. जाडी करंगळीपेक्षा जास्त नको, आणि रोज पालथी घालायची.

लेकुरवाळी, परभणी
पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळी १०.३०

काल आमच्याकडं पोळा झाला. दरवर्षी बाजारातून मातीची बैलजोडी आणतो. यंदा मोठा म्हणाला, आणायची नाही, मी करणार. कणकेची का मातीची, यावर आजी-नातवात दोन दिवस बोलणं चाललं होतं. पूजेचे बैल मातीचेच, असं आत्याबाईंचं म्हणणं. भाऊजींनी दुधना काठची चिकणमाती आणून दिली, राख घरची. बैल दोघांनी केले. धड त्याचं, पाय आत्याबाईंचे, कारण त्याचे पाय बैलाचं वजन पेलत नव्हते. शिंगं मात्र त्यानंच वळली, तीच चिमटी. आता त्याचे गव्हले गव्हाच्या दाण्याएवढे होतात, तर शिंगं दोन्ही बऱ्यापैकी सारखी आली.

झूल, गोंडे आणि बाशिंग खेळायच्या कणकेचं, हळदीचं पिवळं आणि बिटाचं गुलाबी. पूजेच्या वेळी एक शिंग पडलं. तो रडायच्या बेतात होता. आत्याबाईंनी बोट पाण्यात बुडवलं, कणकेचा कणभर तुकडा लावून शिंग बसवलं आणि नैवेद्याची पुरणपोळी पुढं ठेवली.

धाकटी आता दोन वर्षांची झाली. ती अजून सगळं तोंडात घालते, म्हणून तिला कालही बिनमिठाचाच गोळा दिला. तिनं त्याला बैल म्हटलं आणि पदराखाली घेऊन बसली.

अंगणवाडीताई, आत्याबाई व्हिडिओला हो म्हणाल्या आहेत. फक्त चेहरा नको, हातच दिसू देत, असं त्यांचं म्हणणं आहे. दुपारी उजेड चांगला असतो तेव्हा काढून पाठवते.

अंगणवाडीताई, हिंगोली
पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळी ११.०५

हातच हवेत. सावकाश करायला सांगा, आणि शक्य असेल तर लग्नातलं ते गाणंही म्हणायला सांगा. सोमवारी लेकरांना दाखवते. पीठ मागायला आज दुपारीच निघते.